मेट्रो, बस की उड्डाणपूल? पर्याय कुठे आणि कसे गळतात

नव्या मेट्रोची किंवा उड्डाणपुलाची बातमी आली की शहरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, हे झालंच पाहिजे. दुसऱ्याचं, ही पैशाची उधळपट्टी आहे. वर्तमानपत्रात नकाशा छापून येतो, स्थानकांची नावं येतात, कोटींचा आकडा येतो. पण तोवर महत्त्वाचा निर्णय होऊन गेलेला असतो. आठ-दहा पर्यायांतून हाच एक कसा उरला, बाकीचे कुणी, कधी आणि कोणत्या कारणाने बाजूला काढले, हे आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं शहर कसं चालणार, हे त्या गाळणीत ठरतं, असं माझं मत आहे. म्हणून ती गाळणी कशी चालते, कशी चालायला हवी आणि कुठे फसते, ते नीट समजून घेऊ.

मेट्रोच्या बाबतीत तर हे काम सक्तीचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१७ मध्ये मेट्रो रेल्वे धोरण मंजूर केलं. त्यानुसार केंद्राची मदत हवी असेल तर शहराला आधी ‘पर्यायांचं विश्लेषण’ करावं लागतं. बीआरटी (राखीव मार्गिकेवरची जलद बससेवा), लाइट रेल (मेट्रोपेक्षा हलकी, कमी क्षमतेची रेल्वे), ट्राम, मेट्रो, प्रादेशिक रेल्वे या सगळ्यांची मागणी, क्षमता, खर्च आणि अंमलबजावणी किती सोपी या अंगांनी तुलना करायची आणि मगच एकाची निवड करायची. त्याआधी संपूर्ण शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा हवा. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. अडचण अशी की बऱ्याचदा पर्याय आधी ठरतो आणि विश्लेषण नंतर लिहिलं जातं.

उदाहरण म्हणून नाशिक घेऊ. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. महामेट्रोने, म्हणजे राज्यात मेट्रो उभारणाऱ्या सरकारी कंपनीने, तिथे ‘मेट्रो निओ’ची योजना आखली. रबरी चाकांची, वरच्या तारेतून वीज घेणारी, सुमारे २५ मीटर लांबीची जोडबस, आणि ती बहुतांश उन्नत, म्हणजे खांबांवर उभारलेल्या, मार्गावरून धावणार. दोन मार्गिका, मिळून सुमारे ३३ किलोमीटर. मुख्य मार्गिका गंगापूरहून सातपूर, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), द्वारकावरून नाशिकरोड स्टेशनपर्यंत. राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये तिला मंजुरी दिली. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. त्यानंतर कित्येक वर्षं लोटली तरी काम उभं राहिलं नाही. या योजनेची बाजू घ्यायची किंवा तिला विरोध करायचा, हा इथे हेतू नाही. याच पट्ट्यासाठी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली तर पर्याय कसे गाळायचे, ते पाहायचं आहे.

आधी दुखणं काय ते ठरवा

‘नाशिकला मेट्रो नाही’ ही समस्या नव्हे. ‘द्वारका चौकात कोंडी होते’ हेसुद्धा अर्धवट निदान आहे. त्या चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकत्र येतात. तिथे अडकलेल्या माणसांत नाशिकरोडला राहून सातपूर एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार आहे, कॉलेजची मुलगी आहे, स्टेशनवरून आलेला प्रवासी आहे, आणि शहरात ज्याचं काहीच काम नाही असा बाहेरगावचा ट्रकही आहे. ट्रकची अडचण मेट्रोने सुटत नाही आणि कामगाराची उड्डाणपुलाने सुटत नाही. चौकात उभं राहून फक्त गाड्या मोजल्या तर उत्तर हमखास उड्डाणपूल येतं, कारण गाड्यांना जागा हवी असते. माणसं मोजली तर चित्र पालटतं. साठ माणसांची एक बस आणि दीड माणूस नेणाऱ्या चाळीस मोटारी, दोन्हींतली माणसं तेवढीच.

म्हणून पहिल्या पानावर उद्दिष्ट असं लिहायला हवं: ‘नाशिकरोड ते सातपूर या पट्ट्यात गाडी नसलेल्या माणसाला सकाळच्या गर्दीत अमुक वेळात, खात्रीने पोचता यावं.’ यात कुठल्याही वाहनाचं नाव नाही, हे महत्त्वाचं. उद्दिष्टातच ‘उन्नत’ किंवा ‘जागतिक दर्जाची’ असे शब्द घुसले की अर्धे पर्याय तिथेच मेले समजा.

यादी लांब करा, आणि ‘काहीच न करणं’ शेवटपर्यंत ठेवा

सुरुवातीची यादी मुद्दाम लांब असावी. द्वारका चौकाची नव्याने आखणी आणि सिग्नलचं वेळापत्रक. पार्किंगला शिस्त आणि सलग पदपथ. महापालिकेच्या सिटीलिंक बस दुप्पट करणं. बससाठी राखीव मार्गिका. निओ. जमिनीवरची किंवा उन्नत लाइट रेल. पूर्ण मेट्रो. उड्डाणपूल. जड वाहनांसाठी बाहेरून वळण रस्ता. कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने पुढे-मागे करणं. हा शेवटचा पर्याय ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याला जवळजवळ खर्चच नाही. म्हणून तो यादीत असायलाच हवा.

आणि एक पर्याय कधीच गाळायचा नसतो: काहीच नवं न करण्याचा. याचा अर्थ शहर आहे तसं थिजून राहील असा नाही. आधीच मंजूर झालेली कामं होत राहतील, लोकसंख्या वाढत राहील, दुचाकी वाढतील. त्या परिस्थितीत दहा वर्षांनी प्रवासाला किती वेळ लागेल? प्रत्येक प्रस्तावाचा फायदा या स्थितीशी ताडूनच मोजता येतो. ती तुलना आजच्या परिस्थितीशी केली, तर जे आपोआप होणारच होतं त्याचं श्रेयही प्रकल्पाच्या खात्यात जमा होतं.

भरड चाळणी

इथे घरातली एकच उपमा देतो. रवा आणि मैदा एकाच चाळणीने चाळत नाहीत. पर्यायांनाही दोन चाळण्या लागतात. पहिली भरड. तिच्यात बारीक गुण-दोष पाहायचे नाहीत. जे बसणारच नाही तेवढंच बाजूला काढायचं. इथले प्रश्न सरळ आहेत. यामुळे मूळ समस्या सुटते का? कायद्याने करता येईल का? जागा आहे का? मागणी आणि क्षमता यांचा मेळ बसतो का?

कायद्याचं एक उदाहरण पुण्यातलं. वनाज-रामवाडी मेट्रो नगर रस्त्याने सरळ न्यायची झाली तर आगाखान पॅलेसच्या अगदी जवळून जाते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे मार्ग कल्याणीनगरकडून वळवावा लागला. अशी गोष्ट भरड चाळणीतच पकडायला हवी. ती उशिरा सापडली की नकाशा पुन्हा काढावा लागतो आणि वेळ वाया जातो.

क्षमतेचा हिशेब अवघड वाटतो, पण तो शाळेतल्या गुणाकारापलीकडे जात नाही. मोजायचं काय, तर गर्दीच्या तासात एका दिशेने किती माणसं जातात. साधी बारा मीटरची बस उभे-बसलेले मिळून साधारण ७० माणसं नेते. दर मिनिटाला एक बस म्हणजे तासाला ६० बस, म्हणजे ४,२०० माणसं. निओच्या जोडबसमध्ये सुमारे २५० माणसं धरली आणि दर दोन मिनिटांना एक सोडली तर ७,५०० होतात. केंद्राच्या निओबाबतच्या निकषांत तासाला ८,००० पर्यंतची मर्यादा आहे आणि मेट्रोलाइटसाठी, म्हणजे हलक्या, लहान मेट्रोसाठी, १५,००० पर्यंतची. त्याच्याशी हा हिशेब जुळतो. पुणे मेट्रोची तीन डब्यांची गाडी सुमारे ९७५ माणसं नेते. ती दर तीन मिनिटांना सोडली तर १९,५०० होतात, आणि डबे वाढवले की आणखी वाढतात.

आता खर्च. पुणे मेट्रोचा मूळ मंजूर प्रकल्प सुमारे ३१ किलोमीटरचा आणि ११,४२० कोटींचा होता, म्हणजे किलोमीटरमागे साडेतीनशे कोटींच्या पुढे. त्यात भूमिगत भागही आला. नाशिकची निओ सुमारे २,१०० कोटींत ३३ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साठ-पासष्ट कोटी. एखाद्या पट्ट्यात गर्दीच्या तासाला पाच-सहा हजारच माणसं असतील तर पूर्ण मेट्रो भरड चाळणीतच थांबायला हवी. मेट्रो वाईट म्हणून नव्हे. तिच्या पैशात शहरभर पाचपट जाळं विणता येत असेल, म्हणून.

भरड चाळणीत बाजूला काढलेल्या प्रत्येक पर्यायापुढे एका वाक्यात कारण लिहायचं. ‘व्यवहार्य नाही’ हे कारण नव्हे. ‘सीबीएस ते द्वारका या भागात रस्त्याची रुंदी इतकी, त्यात इतकी मार्गिका बसत नाही’ हे कारण झालं, कारण ते टेप घेऊन तपासता येतं.

बारीक चाळणीत दाराशी दाराचा हिशेब

आता तीन-चार पर्याय हाती उरले. इथे घाई करू नये. सगळ्यात आधी बघायचं ते प्रवाशाच्या घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत. प्रस्तावांमध्ये गाडीचा वेग दिलेला असतो. माणूस मात्र फक्त गाडीत नसतो.

पाच किलोमीटरचा प्रवास धरू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. साधी बस: थांब्यापर्यंत चालणं ४ मिनिटं, वाट पाहणं ८, ताशी १५ किलोमीटरने बसमध्ये २०, उतरून चालणं ३. एकूण ३५. उन्नत मार्गावरची गाडी ताशी ३० ने धावते, म्हणजे गाडीत फक्त १० मिनिटं. पण स्थानकं साधारण किलोमीटरभर अंतरावर, म्हणून चालणं ८ मिनिटं, जिना आणि तिकीट ३, वाट पाहणं ४, उतरताना जिना २, पुन्हा चालणं ७. एकूण ३४. वेग दुप्पट झाला आणि वाचलं एक मिनिट! शिवाय उन्हात चालताना, ताटकळत उभं राहताना एक मिनिट दोन मिनिटांसारखं जाणवतं. वाहतूक अभ्यासातही चालण्या-थांबण्याचा वेळ साधारण दुप्पट धरतात. तसं धरलं तर बस ५० आणि उन्नत गाडी ५८. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी तर प्रश्नच मिटला.

हाच प्रवास पंधरा किलोमीटरचा केला की पारडं फिरतं. साधी बस ७५ मिनिटं घेते, उन्नत गाडी ५४. आणि बसला राखीव मार्गिका दिली, ती ताशी २० ने चालू लागली, वाट पाहणं ४ मिनिटांवर आलं, तर लांबच्या प्रवासाला ५६ आणि जवळच्याला २६ मिनिटं. म्हणजे लोकांचे प्रवास मुख्यतः किती लांबीचे आहेत, यावर उत्तर अवलंबून आहे. घरोघरच्या पाहणीत ‘तुम्ही कुठून कुठे जाता’ हे विचारतात ते यासाठी. ती पाहणी नीट झाली नसेल तर पुढची सगळी गणितं हवेत राहतात.

दुसरी कसोटी: हे चालवणार कोण? पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही या कसोटीची सगळ्यात बोलकी जागा आहे. दोन्ही शहरांत बस पीएमपीएमएल या एकाच सार्वजनिक बस कंपनीच्या. रस्ते मात्र दोन वेगळ्या महापालिकांचे. पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी धावली. ती पुढे मोडत गेली आणि नगर रस्त्यावरची बीआरटीही काढून टाकण्यात आली. पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी-किवळे आणि निगडी-दापोडी हे मार्ग टिकले. पर्याय तोच, बस त्याच, निकाल वेगळे. रस्त्याची रुंदी हे एक कारण. घुसखोर गाड्यांना अडवायला रोज माणूस उभा करायची तयारी, चौकांची रचना, थांब्यापर्यंत सुरक्षित पोचता येणं, ही बाकीची. त्यामुळे ‘बीआरटी फसते’ किंवा ‘बीआरटी यशस्वी होते’ असं सरसकट वाक्य अहवालात दिसलं की थांबावं. प्रश्न असा असतो की या रस्त्यावर, या यंत्रणेच्या हातात, ती चालेल का. हाच प्रश्न मेट्रोलाही लावायचा: स्थानकापर्यंत आणणारी बस कोण चालवणार, तोटा कुठल्या खात्यातून भरणार?

तिसरी कसोटी बहुतेक वेळा विसरली जाते. आजचा पर्याय उद्याचे पर्याय अडवतो का? पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षंही झाली नसतील, तोच २०२० मध्ये पाडावे लागले, कारण त्यांची रचना मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाच्या आड येत होती. एखादा पर्याय थोडा महाग असला तरी पुढची वाट मोकळी ठेवत असेल, तर त्याला वरचे गुण मिळायला हवेत. राखीव बस मार्गिका उद्या लाइट रेलला देता येते. चौकात उभा राहिलेला खांब हलवता येत नाही.

खर्च आणि फायदा यांचा ताळेबंद इथेच येतो. पूर्वी मेट्रोसाठी आठ टक्के वित्तीय परतावा पाहत. २०१७ च्या धोरणाने त्याऐवजी चौदा टक्के आर्थिक परताव्याचा निकष आणला. वित्तीय म्हणजे तिकिटातून आणि जाहिरातीतून गल्ल्यात येणारा पैसा. आर्थिक म्हणजे समाजाला होणारा एकूण फायदा: वाचलेला वेळ, टळलेले अपघात, कमी धूर, वाचलेलं इंधन. बदल योग्य दिशेचा आहे. मात्र वाचलेल्या वेळेची किंमत रुपयात धरावी लागते आणि ती किती धरली यावर टक्के वर-खाली होतात. म्हणून चौदा टक्के हा आकडा एकटा वाचू नये. त्यामागची गृहीतकं वाचावीत.

गुणांच्या तक्त्यात निर्णय लपतो

शेवटी सगळ्या कसोट्या एका तक्त्यात मांडून गुण देतात. इथे फार जपायला हवं. समजा राखीव बस मार्गिकेला खर्चात ८, वेगात ६, लवकर पूर्ण होण्यात ८ आणि इतर वाहनांना त्रास न होण्यात ३ गुण दिले. उन्नत मार्गाला याच क्रमाने ४, ८, ३ आणि ८. चारही कसोट्यांना समान वजन दिलं तर बस मार्गिका ६.२५, उन्नत मार्ग ५.७५. आता वेग आणि ‘इतर वाहनांना त्रास नको’ यांना प्रत्येकी ४० टक्के वजन द्या, उरलेल्या दोघांना १० टक्के. बस मार्गिका ५.२ वर घसरते आणि उन्नत मार्ग ७.१ वर जातो. एकही गुण बदलला नाही, तरी विजेता बदलला.

याचा अर्थ तक्ता खोटा असतो असा नाही. वजनं म्हणजे शहराची मूल्यं. ती ठरवण्याचा अधिकार सल्लागार कंपनीचा नाही, नागरिकांचा आणि त्यांनी निवडून दिलेल्यांचा आहे. ती गुण द्यायच्या आधी, उघडपणे ठरवायला हवीत. आणि वजनं थोडी हलवून पाहायची: क्रम टिकतो का? टिकला तर निवड भक्कम. उलटला तर दोन पर्याय तुल्यबळ आहेत असं प्रामाणिकपणे लिहायचं आणि दोन्ही पुढे न्यायचे.

तुलना समान निकषांवर होते का, हेही इथे पाहावं. बस मार्गिका रस्त्याची जागा खाते, हे प्रत्येक अहवालात असतं. उन्नत मार्गाचे खांब मधला पट्टा खातात, स्थानकांचे जिने पदपथावर उतरतात, आणि बांधकामाची तीन-चार वर्षं रस्ता अर्धा बंद असतो, हेही त्याच पानावर हवं. कधीकधी यादीत दोन दुबळे पर्याय फक्त तिसरा उठून दिसावा म्हणून ठेवलेले असतात: मोजक्या, जुन्या बसचा ‘बस पर्याय’ आणि अत्याधुनिक गाड्यांचा ‘रेल्वे पर्याय’. बसला तिचं सर्वोत्तम रूप देऊन मगच ती हरली असं म्हणायला हवं.

प्रवासीसंख्येचे अंदाज हा सगळ्यात निसरडा भाग. १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचा एक डॅनिश अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगलेला निघाला, आणि सरासरीने तो प्रत्यक्षाच्या दुपटीहून जास्त होता. आपल्याकडे मुंबईची मोनोरेल डोळ्यांसमोर आहे. चेंबूर ते वडाळा हा तिचा पहिला टप्पा २०१४ मध्ये सुरू झाला. त्यावर फर्टिलायझर टाउनशिप, भारत पेट्रोलियम, भक्ती पार्क अशी स्थानकं आहेत. आजूबाजूला कारखाने आणि मोकळ्या जागा जास्त, प्रवासी कमी. २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली तरी अपेक्षित गर्दी आलीच नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणेसाठी सेवा थांबवावी लागली. तिथे राहणाऱ्या माणसांची गरज खरी होती. म्हणूनच वाईट वाटतं, कारण तेवढ्या पैशात त्यांच्या दाराशी किती बस येऊ शकल्या असत्या. अशी चूक टाळायची तर प्रत्येक पर्यायाला एक प्रश्न विचारावा: अंदाजाच्या निम्मेच प्रवासी आले, तरी हाच पर्याय पहिला राहतो का?

नाशिकमध्ये निओची वाट पाहत असतानाच, ८ जुलै २०२१ पासून, महापालिकेची सिटीलिंक बस धावू लागली. म्हणजे पर्याय नेहमी ‘हा किंवा तो’ असे नसतात. आज बस वाढवणं, पुढच्या वर्षी चौक सुधारणं, दोन वर्षांत राखीव मार्गिका आणि मागणी वाढल्यावर त्याच पट्ट्यात मोठी व्यवस्था, असा टप्प्यांचा गठ्ठासुद्धा एक पर्याय म्हणून तक्त्यात बसतो. दहा वर्षांनी येणाऱ्या उत्तम व्यवस्थेची तुलना सहा महिन्यांत येणाऱ्या बऱ्या व्यवस्थेशी करताना मधली साडेनऊ वर्षं कोण कसं प्रवास करणार, हेही मोजायला हवं.

तुमच्या शहरात असा प्रकल्प जाहीर झाला तर हरकती-सूचनांच्या मुदतीतच पर्याय विश्लेषणाचा अहवाल मागा. संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात तयार प्रकल्पाचं चित्र पाहण्याआधी गाळलेल्या पर्यायांचं पान उघडा आणि प्रत्येकापुढचं कारण वाचा. मग वजनांचा तक्ता. मग वाहतूक मोजणी कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी झाली ते पाहा. मे महिन्यात शाळा-कॉलेजं बंद असताना मोजलेली गर्दी आणि जुलैतल्या सोमवारी सकाळी नऊची गर्दी यांत मोठा फरक पडतो, आणि त्याच आकड्यावर पुढचा सगळा डोलारा उभा असतो.